‘मी रोबोट नाही’ या चौकोनात टिक केल्यावर त्याला कसं कळतं की आपण माणूस आहोत? रोबोटला टिक करता येत नाही का?

येते की. टिक करण्यात कसलं आलंय कौशल्य, चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला की झालं काम. गंमत अशी आहे की त्या चौकोनाला तुमच्या टिकशी फारसं देणंघेणं नसतं, तुम्ही तिथपर्यंत कसे पोचलात हे त्याला बघायचं असतं. कर्सर पट्टीने आखल्यासारखा सरळ आला की झोकांड्या खात आला, मध्येच कुठे रेंगाळला का, ब्राउझर कुठला, त्यात जुन्या कुकीज, म्हणजे आधी बघितलेल्या साइट्सनी ठेवलेल्या खुणा, आहेत का, असल्या चौकश्या पाठीमागे चाललेल्या असतात. नेमकं काय काय तपासतात ते हा चौकोन बनवणारं गूगल उघड सांगत नाही आणि ते बरोबरच आहे, सांगितलं तर बॉटवाले (बॉट म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम) तेवढंच घोकून येतील.

म्हणजे इथे नीटनेटकं वागलात की संशय! आयुष्यभर मला धांदरट म्हणणाऱ्यांना हे एकदा दाखवायचंय, जगात एक तरी परीक्षा आहे जिथे धांदरटपणाचे मार्क मिळतात.

हा टिकवाला प्रकार 2014 सालचा. पण मूळ कल्पना जुनी आहे आणि ती मला जास्त आवडते. 1950 मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाने एक परीक्षा सुचवली होती, त्यात परीक्षक माणूस आणि माणूस म्हणून पास व्हायचंय मशीनला. कॅप्चामध्ये, म्हणजे माणूस की मशीन हे ओळखणाऱ्या असल्या परीक्षांमध्ये, सगळं उलटं झालंय, परीक्षक मशीन आणि घाम फुटलेला विद्यार्थी म्हणजे आपण. कॅप्चाच्या लांबलचक फुलफॉर्ममध्ये ट्युरिंगचं नावसुद्धा आहे बरं का, बिचाऱ्याला काय वाटलं असतं कोण जाणे.

कॅप्चा हे नाव देणाऱ्यांपैकी एक म्हणजे संगणकतज्ज्ञ लुईस फॉन आन. त्याने नंतर हिशोब केला की लोक रोज जवळपास 20 कोटी कॅप्चा सोडवतात, प्रत्येकी 10 सेकंद धरले तरी दिवसाला 5 लाख तास पाण्यात. (स्वतःच लावलेल्या आगीचा पंचनामा स्वतःच करणारा माणूस विरळा!) मग 2007 मध्ये रीकॅप्चा आलं. आठवतंय का, दोन वाकडेतिकडे शब्द यायचे? त्यातला एक शब्द कॉम्प्युटरला माहीत असायचा, तुमची परीक्षा त्यावर. दुसरा जुन्या छापील मजकुरातला, जो स्कॅन करताना कॉम्प्युटरलाच वाचता आला नव्हता. पहिला बरोबर लिहिलात तर दुसराही बरोबर असावा असं धरायचं आणि बऱ्याच जणांचं उत्तर जुळलं की शब्द पक्का. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक असे आपल्यासारख्यांकडून वाचून घेतले, 2009 मध्ये गूगलने रीकॅप्चा विकतच घेतलं आणि मग पुस्तकं, 2012 पासून रस्त्यावरच्या फोटोतले घरांचे नंबर, असं काम वाढतच गेलं. आपण समजत होतो लॉगिन करतोय, प्रत्यक्षात बिनपगारी प्रूफरीडर होतो. मी तर दुसरा शब्द कुठला ते ओळखून तिथे मुद्दाम काहीही लिहायचो आणि पास व्हायचो, त्यामुळे कुठल्यातरी जुन्या बातमीत माझा एखादा शब्द घुसला असला तर माफ करा, म्हणजे इतरांनी घुसू दिला नसणारच, पण तरी.

मग आली चित्रं. ट्रॅफिक लाईट असलेले सगळे चौकोन निवडा. आता लाईट म्हणजे फक्त दिवे की खालचा खांबपण? मोटरसायकलचा आरसा शेजारच्या चौकोनात दोन पिक्सेल गेलाय तो धरायचा? आणि तिच्यावर बसलेल्या माणसाचं काय? एकदा मला ओळीने 4 वेळा नापास केलं आणि पाचव्या वेळेला मला खरंच शंका आली की आपण नक्की कोण आहोत.

आणि हे सगळं कशासाठी, तर 2023 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा कॅप्चा सोडवण्यात बॉट माणसांपेक्षा जलदही निघाले आणि अचूकही. 2024 मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या मंडळींनी तर चित्रवाली कोडी मशीनकडून 100 टक्के सोडवून घेतली. सगळ्यात भारी किस्सा जीपीटी-4 या एआय मॉडेलच्या चाचणीतला, ते बनवणाऱ्या ओपनएआयनेच तो 2023 च्या रिपोर्टमध्ये दिलाय. मॉडेल कॅप्चाशी अडलं तेव्हा पैसे घेऊन किरकोळ कामं करून देणाऱ्या एका माणसाला गाठलं. त्याने थट्टेत विचारलं, तू रोबोट आहेस की काय? उत्तर आलं, नाही, मला नीट दिसत नाही म्हणून मदत हवीय. त्या भल्या माणसाने सोडवून दिलं! अर्थात संशोधक मध्ये हात लावत होते, ते काही एकटंच हिंडत नव्हतं, पण थाप ती थापच.

त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी कोडंच नसतं. 2018 पासून रीकॅप्चाचं जे व्हर्जन आहे ते गुपचूप तुमचं वागणं बघतं आणि 0 ते 1 मध्ये स्कोर वेबसाईटला देतं, 1 च्या जवळ म्हणजे बहुतेक माणूस. आपला स्कोर आपल्याला दिसत नाही. माझा 0.6 च्या पुढे असेल असं वाटत नाही.

तुम्हाला फारच कोडी येत असतील तर व्हीपीएन (आपला इंटरनेटवरचा पत्ता लपवणारी सोय) आणि ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी बंद करून बघा, ओळखपाळख नसलेल्या ब्राउझरवर जास्त संशय घेतात. आणि खांबाचं विचाराल तर मी धरत नाही.