वाचकांचे प्रश्न : मार्चमध्ये आमच्या कॉलेजचं नाव पुकारलं जाईल का?

फेब्रुवारी सरत आला की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवरची पत्रं वाढतात. त्यातली बहुतेक माजी विद्यार्थ्यांची असतात आणि प्रश्न घुटमळतो एकाच गोष्टीभोवती : अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्या मार्चमधल्या स्पर्धेच्या ६८ संघांत आपलं कॉलेज बसेल का? यंदा आलेल्या पत्रांतले प्रश्न पुरुषांच्या डिव्हिजन वनबद्दल, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीबद्दल आहेत, म्हणून उत्तरंही तेवढ्यापुरतीच.

प्रश्न : आमचं कॉलेज लहान कॉन्फरन्समधलं, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या लहान गटातलं. आतापर्यंत २३ विजय, ८ पराभव. नेट (एनसीएएची संघांची क्रमवारी) क्रमांक ५२. तरीही जाणकार आम्हाला 'फक्त कॉन्फरन्स जिंकली तरच' या रांगेत टाकतात. वीसच्या वर विजय असून हे असं का?

विजयांचा आकडा निवड समिती सुटा वाचत नाही. कोणाविरुद्ध आणि कुठे जिंकलात, हे ती बघते. स्पर्धेत जायला दोन दारं आहेत. कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणाऱ्याला थेट जागा मिळते. बाकीच्या जागा समिती स्वतःच्या पसंतीने भरते, त्याला अॅट-लार्ज म्हणतात. २०२५ मध्ये थेट जागा ३१ होत्या आणि अॅट-लार्ज ३७. तुमची चर्चा चालली आहे ती दुसऱ्या दाराची.

या दारावर प्रत्येक संघाची टीम शीट असते. तिच्यात सामने चार गटांत मांडलेले असतात. पहिला गट, म्हणजे क्वाड वन : आपल्या कोर्टवर नेट १ ते ३० मधला प्रतिस्पर्धी, तटस्थ कोर्टवर १ ते ५०, त्याच्या घरी जाऊन खेळलात तर १ ते ७५. क्वाड टू : घरी ३१ ते ७५, तटस्थ ५१ ते १००, बाहेर ७६ ते १३५. क्वाड थ्री घरी १६०, तटस्थ २०० आणि बाहेर २४० पर्यंत. त्याखालचं सगळं क्वाड फोर.

आता तुमच्या २३ विजयांची फोड करा. पत्रासोबत दिलेल्या यादीवरून क्वाड वनमध्ये १-३, क्वाड टूमध्ये ३-२, उरलेले १९ विजय आणि ३ पराभव तिसऱ्या-चौथ्या गटातले. अडचण त्या ३ पराभवांत आहे. टीम शीटवर २०२४-२५ पासून 'विन्स अबव्ह बबल' नावाचा आकडाही असतो, तो हेच उघड करतो. निवडीच्या काठावरचा एखादा संघ तुमचं वेळापत्रक खेळला असता तर त्याने किती सामने जिंकले असते, त्याच्याशी तुमची तुलना होते. काठावरच्या संघाला एखादा सामना जिंकायची शक्यता ३० टक्के असेल आणि तुम्ही तो जिंकलात, तर खात्यात ०.७ जमा, हरलात तर ०.३ वजा. घरी दुबळ्या संघाविरुद्ध शक्यता ९८ टक्के असेल, तर विजयाला मिळतात जेमतेम ०.०२ आणि पराभवाला जातात ०.९८. असा एक पराभव भरून काढायला तसेच ४९ विजय लागतील, आणि एवढे सामने एका मोसमात होतच नाहीत.

मोठ्या कॉन्फरन्सच्या संघांना ही जखम भरायची संधी दर आठवड्याला मिळते, तुम्हाला नाही. २०२५ मध्ये एसईसी या एकट्या बलाढ्य कॉन्फरन्सचे १४ संघ निवडले गेले. तिथे बाहेर खेळलेला जवळपास प्रत्येक सामना वरच्या गटात मोडतो. तेव्हा लहान कॉलेजचा मोसम बराचसा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ठरतो, कॉन्फरन्सबाहेरचे सामने असतात तेव्हा. मार्चमध्ये डोळे लावून बसणाऱ्याने डिसेंबरचं वेळापत्रक आधी बघावं, असं आम्ही दर वर्षी लिहितो.

नुसता नेट क्रमांक तारत नाही, याचं ठळक उदाहरण २०२४ चं इंडियाना स्टेट. नेटमध्ये पहिल्या तिसांत असूनही मिसूरी व्हॅली कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून हरल्यावर त्यांना वगळलं गेलं. उलट २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाची क्वाड वनमधली कामगिरी १-१२ होती, तरी ते शेवटच्या जागांत बसले. वेस्ट व्हर्जिनिया तिथे ६-१० असूनही बाहेर राहिलं. समितीचे अध्यक्ष त्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनाचेच अॅथलेटिक डायरेक्टर होते, त्यामुळे बरीच ओरड झाली. नियम असा की सदस्याच्या स्वतःच्या कॉलेजची चर्चा सुरू झाली की त्याने खोलीबाहेर जायचं. वेस्ट व्हर्जिनियाच्या चाहत्यांचं दुःख आम्हाला पूर्ण पटतं. आमच्या मते त्या वर्षी मोठ्या विजयांना हवं तेवढं वजन मिळालं नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर उरलेल्या सामन्यांत क्वाड थ्री किंवा फोरमध्ये एकदाही हरायचं नाही आणि कॉन्फरन्स स्पर्धेची अंतिम फेरी गाठायची. तिथे हरलात तर आशा राहील, पण धुगधुगीइतकीच.

प्रश्न : मंगळवारी आम्ही घरच्या कोर्टवर जिंकलो आणि बुधवारी सकाळी नेटमध्ये सहा जागा खाली गेलो. ही चूक आहे का?

चूक नाही. नेटचे दोन भाग आहेत. एक कोणाला हरवलंत याचं मोल मोजतो. दुसरा कार्यक्षमता मोजतो, म्हणजे दर पझेशनमागे (चेंडू ताब्यात असण्याच्या दर पाळीमागे) तुम्ही किती गुण केलेत आणि किती दिलेत. प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि कोर्ट यांचा हिशेब त्यात धरलेला असतो.

बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकडेवारीचा तक्ता) घेऊन हे घरी काढता येतं. पझेशन = फील्ड गोलचे प्रयत्न (खेळ चालू असताना बास्केटवर मारलेले फटके), वजा आक्रमक रिबाउंड (आपलाच चुकलेला फटका पुन्हा पकडणं), अधिक टर्नओव्हर (चेंडू गमावणं), अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांना ०.४७५ ने गुणून येणारी संख्या. समजा ६० प्रयत्न, १० आक्रमक रिबाउंड, १२ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो. ६० − १० + १२ + ९.५ = ७१.५ पझेशन. गुण ७५ असतील तर शंभर पझेशनमागे १०४.९. समोरच्याने तेवढ्याच पझेशनमध्ये ७० केले असतील तर ९७.९. फरक ७. हा फरक विसाव्या क्रमांकाच्या संघाविरुद्ध असेल तर उत्तम. तीनशेव्या क्रमांकाचा संघ तुमच्या घरी आला असताना असेल, तर अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. जिंकूनही घसरण होते ती इथे.

आणखी एक : तुम्ही न खेळताही क्रमांक हलतो, कारण बाकीचे संघ खेळत असतात. गटही तसेच सरकतात. जानेवारीत घरी २९ व्या संघाला हरवलंत, तो फेब्रुवारीत ३१ वर गेला, की तुमचा क्वाड वनचा विजय क्वाड टूमध्ये उतरला. म्हणून ज्यांना हरवलं त्यांच्याच विजयासाठी पुढे देव पाण्यात ठेवावे लागतात. डिव्हिजन वनबाहेरच्या कॉलेजविरुद्धचा सामना मात्र नेटमध्ये धरलाच जात नाही; त्याने ना भलं होतं ना बुरं.

प्रश्न : आम्ही काठावर आहोत. कॉन्फरन्स स्पर्धांच्या आठवड्यात टीव्हीसमोर कोणाची बाजू घ्यायची?

ज्या कॉन्फरन्समध्ये एखादा संघ काहीही झालं तरी अॅट-लार्ज जाणार आहे, तिथे त्या संघाची. तो हरला आणि एरवी ज्याला कोणी निवडलं नसतं असा संघ जिंकला, तर थेट जागा नवख्याला जाते, बलाढ्य संघ अॅट-लार्जमधली एक जागा घेतो आणि काठावरचा एक संघ बाहेर पडतो. याला 'बिड चोरी' म्हणतात. २०२४ मध्ये एसीसीत एनसी स्टेट, पॅक-१२ मध्ये ओरेगन आणि अटलांटिक १० मध्ये डुकेन जिंकले, तेव्हा काठ झपाट्याने आक्रसला. एनसी स्टेटने पाच दिवसांत पाच सामने जिंकले, त्यात ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायनाही होते. पुढे अकराव्या सीडवरून (सीड म्हणजे समितीने दिलेलं मानांकन) ते फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत पोचले. त्यांच्यासाठी तो सोन्याचा महिना होता. ओक्लाहोमा, सीटन हॉल, इंडियाना स्टेट आणि पिट्सबर्ग यांची नावं मात्र वगळलेल्या पहिल्या चारांत आली.

ज्या कॉन्फरन्समधून एकच संघ जाणार हे ठरलेलं आहे, तिथे कोण जिंकतं याने तुमच्या जागेला धक्का लागत नाही. तिथे सामना निवांत बघा. काही अंतिम सामने निवडीच्या रविवारीच असतात, त्यामुळे समिती दोन-तीन पर्यायी तक्ते तयार ठेवते. रविवारी दुपारपर्यंत कोणाच्याही अंदाजावर भिस्त ठेवू नका.

प्रश्न : कॉन्फरन्सचा विजेता असूनही जागा मिळाली नाही, असं होतं का?

होतं, पात्रता नसेल तर. बेलार्माइनने २०२२ मध्ये एसन कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली, पण डिव्हिजन टूमधून वर येण्याचा त्यांचा संक्रमणकाळ पूर्ण झाला नव्हता. जागा नियमित मोसमातल्या विजेत्या जॅक्सनविल स्टेटला गेली. तुमचं कॉलेज नुकतंच वरच्या डिव्हिजनमध्ये आलं असेल तर हे आधी तपासा.

प्रश्न : एनसीएएचं बोलावणं नाही आलं तर एनआयटी ही दुय्यम स्पर्धा खेळावी की नाकारावी? आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात यावरून भांडणं झाली आहेत.

खेळावी. एनआयटी १९३८ ची, एनसीएएपेक्षा एक वर्ष जुनी. ३२ संघ असतात आणि सुरुवातीच्या फेऱ्या बहुतांशी कॉलेजांच्याच कोर्टवर होतात, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना घरच्या प्रेक्षकांसमोर आणखी एक रात्र मिळते. नाकारणाऱ्यांची कारणं खोटी नाहीत : खेळाडू ट्रान्सफर पोर्टलकडे (कॉलेज बदलण्याच्या नोंदणीकडे) वळलेले असतात, प्रशिक्षक पुढच्या मोसमाची जुळवाजुळव करत असतात, दुखापती असतात. २०२४ मध्ये ओक्लाहोमा आणि पिट्सबर्ग यांनी नकार दिला. इंडियाना स्टेट खेळलं, अंतिम फेरीत सीटन हॉलकडून ७९-७७ असं हरलं, आणि तो सामना त्यांच्या चाहत्यांच्या लक्षात राहण्याजोगा झाला. २०२५ पासून लास व्हेगासला कॉलेज बास्केटबॉल क्राउन ही तिसरी वाटही निघाली आहे. एक व्यावहारिक गोष्ट : एनआयटीची पहिली फेरी निवडीनंतर दोन-तीन दिवसांतच असते. रविवारी रात्री कॉलेजच्या तिकीट कार्यालयाच्या पानावर लक्ष ठेवा, विक्री फार वेळ चालत नाही.

प्रश्न : निवड झालीच तर सामना बघायला जायचं आहे. विमानाचं आणि हॉटेलचं आरक्षण कधी करावं?

रविवारी पूर्वेकडच्या वेळेनुसार संध्याकाळी सहाला घोषणा होते, त्याआधी करू नका. ठिकाण तुमच्या कॉलेजजवळचंच मिळेल असं नाही. जवळ ठेवण्याचा फायदा मुख्यतः वरच्या सीडना मिळतो. शिवाय अडसर असतात. ब्रिगहॅम यंग विद्यापीठ रविवारी खेळत नाही, म्हणून त्यांना गुरुवार-शनिवारच्या ठिकाणीच बसवावं लागतं, आणि त्यासाठी आजूबाजूचे संघ हलतात. एकाच कॉन्फरन्सच्या संघांची गाठ लवकर पडू नये म्हणूनही एखाद्या संघाची सीड एका ओळीने वरखाली होते.

काठावरच्या संघाने फर्स्ट फोरची, म्हणजे पहिल्या फेरीआधीच्या चार सामन्यांची तयारी ठेवावी. ते सामने ओहायोत डेटनच्या यूडी अरिनामध्ये मंगळवारी आणि बुधवारी होतात. अॅट-लार्जमधले शेवटचे चार संघ तिथे खेळतात आणि थेट जागांमधले सर्वांत खालचे चारही. मंगळवारी जिंकलात तर गुरुवारी किंवा शुक्रवारी दुसऱ्या शहरात पहिली फेरी, बुधवारी जिंकलात तर शुक्रवारी. म्हणून डेटनचं परतीचं तिकीट बदलता येण्याजोगंच काढा. फर्स्ट फोर म्हणजे हलकं बोलावणं, असं समजू नका : २०११ मध्ये व्हीसीयू आणि २०२१ मध्ये यूसीएलए याच टप्प्यातून फायनल फोरपर्यंत गेले.

पहिल्या फेरीच्या ठिकाणी आठ संघ असतात. दिवसाला चार सामने, दोन सत्रांत, आणि तिकीट सत्राचं असतं, एका सामन्याचं नाही. तुमचा संघ कोणत्या सत्रात आहे हे वेळापत्रकात बघून मगच खरेदी करा. दुपारचं तिकीट संध्याकाळी चालत नाही. दुसऱ्या फेरीचं सत्र वेगळं. कॉलेजच्या वाट्याची तिकिटं बहुधा अॅथलेटिक निधीला देणगी देणाऱ्यांना आधी मिळतात. देणगीदार नसाल तर एक युक्ती चालते : पहिल्या सत्रात हरलेल्या संघांचे चाहते दुसऱ्या फेरीची तिकिटं लगेच विकायला काढतात. तुमचा संघ जिंकला की त्या रात्रीच अधिकृत पुनर्विक्रीच्या यादीत शोधा.