हँगरमधले प्रश्न: मालकाचा पाना कुठपर्यंत?

माझ्या मामांकडे अमेरिकेत १९६० च्या दशकातलं एअर अँड स्पेस १८ए जायरोप्लेन आहे, म्हणजे डोक्यावर वाऱ्याने फिरणारा रोटर असलेलं छोटं विमान. ते स्वतः पायलट आहेत. सुटीत गेल्यावर ऑइल बदलणं, प्लग साफ करणं आम्ही दोघांनी केलं तर चालेल का? (दादर)

मामांना चालेल. तुम्ही पाने हातात द्या. तिथल्या नियमांनुसार मालक-पायलटला किरकोळ देखभाल स्वतः करता येते. ऑइल, प्लग, टायर, बॅटरी, चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस, तुटलेली लॉकवायर (नट-बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार), हे सगळं त्यात येतं. रोटर हेड, म्हणजे ब्लेड जिथे बसतात तो भाग, येत नाही, वार्षिक तपासणीही येत नाही.

मामांच्या यंत्रात १८० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन आहे. सगळं ऑइल गाळणारा पूर्ण फिल्टर असेल तर ऑइल ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी बदलायचं. तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलाच. अशी हौसेची यंत्रं उडतात कमी आणि उभी जास्त राहतात, त्यामुळे बहुतेकदा चार महिनेच आधी भरतात. जुना फिल्टर फेकू नका. तो कापा, कागदाच्या घड्या उलगडा आणि उजेडात धरून धातूचे कण चमकतात का ते पाहा. प्लग हातातून पडला तर तो गेला. दिसायला धडधाकट असला तरी आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं. काम झालं की लॉगबुकात काय केलं ते, तारीख, सही आणि पायलट प्रमाणपत्राचा नंबर व प्रकार. ही नोंद मामांनीच करायची.

काढलेली स्प्लिट पिन (नटातून आरपार घालून टोकं वाकवायची पिन) सरळ करून परत वापरली तर बिघडतं कुठे? (विलेपार्ले)

स्कूटरवर आपण सर्रास वापरतो, म्हणून ही सवय हाताला लागते. एकदा वाकवून सरळ केलेला धातू वाकवल्या जागीच थकलेला असतो. नवी पिन घाला, पैशांचा प्रश्नच नाही. लॉकवायरचंही तेच. ती ओढली जायला हवी नट आवळण्याच्या दिशेने. उलटी बांधलेली वायर दिसायला सुबक असते आणि काम शून्य करते. आत नायलॉनची कडी असलेला, स्वतः घट्ट राहणारा नट बोटांनी सहज फिरत असेल तर तोही बाद. जो बोल्ट स्वतः फिरतो, तिथे नायलॉन नट मुळीच नको. तिथे खाचांचा नट आणि पिनच हवी.

काकांनी संग्रहासाठी घेतलेला जुन्या बेन्सन जायरोकॉप्टरचा (म्हणजे जायरोप्लेनचाच) सांगाडा वसईच्या शेडमध्ये आहे. उडवायचा नाही, पण पावसाळ्यात खराब होईल का? (बोरिवली)

होईलच. खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा दमटपणा अॅल्युमिनियमला सोडत नाही. स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियमच्या नळीत जातो तिथे आधी पाहा. पांढरी भुकटी दिसली की समजा आत पोखरायला सुरुवात झाली आहे. गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि गंजरोधक लावा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. स्टील वूलने घासूही नका, लोखंडाचे कण रुततात आणि तिथूनच नवा गंज धरतो. ब्लेड भिंतीला टेकवून उभे न ठेवता लांबीभर आधार देऊन आडवे ठेवा.

मग जुहूवरून तो उडवता येईल का, असंही विचारलंय. नाही. डीजीसीएची, म्हणजे आपल्या नागरी विमान खात्याची नोंदणी, हवाईयोग्यतेची कागदपत्रं आणि परवानाधारक इंजिनिअरची सही हवी. संग्रहच बरा.

मी मूळची गिरगावची, आता फ्लोरिडात. दुसऱ्याने घरी बांधलेला दोन ब्लेडचा जायरो विकत घेतलाय. स्टिक (हातातला दांडा) थरथरते. इथे देखभाल मीच करू शकते म्हणतात. ब्लेडचं बॅलन्सिंग करू का?

बरोबर म्हणतात. हौशीने बांधलेल्या यंत्राला तिथे ही मोकळीक आहे. वार्षिक तपासणी मात्र मेकॅनिकने किंवा योग्य रिपेअरमन प्रमाणपत्र असलेल्याने करायची. असं प्रमाणपत्र नसेल, तर ती तुमच्याकडे येत नाही.

कायद्याने हात मोकळा आहे, तरी इथे मी तुमचा हात धरेन. आधी उडणं थांबवा. थरथर जुनीच असली, तर मागच्या मालकाचं लॉगबुक वाचा. नवी असली, तर टीटर बोल्ट (ज्यावर रोटर झुलतो तो), त्याच्याभोवतीचा बुश आणि रोटर हेडचं बेअरिंग संशयित. वजनं चिकटवून थरथर कमी करता येते, पण झिजलेला बुश झाकला जातो. शिवाय दोन ब्लेड वेगवेगळ्या उंचीवरून फिरत असतील, तर तो दोष ट्रॅकिंगचा, वजनाने जाणार नाही. जायरोत इंजिन बंद पडलं तरी हवेच्या झोतावर रोटर फिरत राहतो आणि तुम्ही खाली उतरता, पण रोटर गेला तर दुसरं काहीच उरत नाही. जायरोवर काम केलेला मेकॅनिक बोलवा, त्याच्याशेजारी उभ्या राहा आणि बोल्ट काढताना बोल्टच्या दांड्यावर चरे पडलेत का ते स्वतः नख फिरवून बघा.