काँगोतल्या ‘तेरित्वार’ला जिल्हा म्हणावे की तालुका?

प्रश्न असा : काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या नकाशात प्रांताखाली ‘तेरित्वार’ येतात. त्यांना मराठीत प्रदेश म्हणावे, जिल्हा की तालुका?

‘प्रदेश’ नकोच. अरुणाचल प्रदेश, केंद्रशासित प्रदेश हे शब्द कानात बसलेले असल्याने वाचक त्याला थेट राज्याच्या रांगेत नेऊन बसवतो. प्रत्यक्षात २६ प्रांतांत मिळून १४५ तेरित्वार आहेत आणि ते सगळे ग्रामीण. किसांगानीसारखे शहर त्यांत मोडत नाही, त्याचे विभाग म्हणजे कम्यून.

‘जिल्हा’ आकारामुळे सुचतो, आणि ते साहजिक आहे. सरासरी तेरित्वार सुमारे १६ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ अहिल्यानगर जिल्ह्याएवढा. पण २०१५पर्यंत प्रांत आणि तेरित्वार यांच्यामध्ये ‘दिस्त्रिक्त’ ही वेगळी पायरी होती. चोपो तेव्हा ओरिएंताल प्रांतातला एक जिल्हा होता. त्या वर्षी ओरिएंतालचे चार प्रांत झाले आणि चोपो त्यांतला एक. जुन्या अहवालाचे भाषांतर करताना दोन्ही पायऱ्यांना जिल्हा म्हटले, तर ‘चोपो जिल्ह्यातला इसांगी जिल्हा’ असला घोळ होतो (इसांगी हा चोपोतला एक तेरित्वार).

राहिले तालुका आणि तहसील. माझे मत तहसीलच्या बाजूने. तेरित्वारचा प्रशासक तहसीलदारासारखा वरून नेमला जातो, आणि पंचायत समितीसारखी निवडून आलेली सभा तिथे नाही. २००८च्या कायद्याने स्थानिक स्वायत्तता दिली ती खालच्या ‘सेक्तर’ आणि ‘शेफरी’ यांना. मधला तेरित्वार केवळ सरकारी कारभाराचा विभाग राहिला. ‘तालुका’ लिहिलेत तर चूक नाही, पण वाचक तिथे सभापती शोधेल.

शेफरी म्हणजे परंपरेने गादीवर येणाऱ्या आणि सरकारने मान्य केलेल्या प्रमुखाचा मुलूख. सेक्तरमध्ये निरनिराळ्या समाजांची गावे एकत्र बांधलेली असतात. शेफरीला ‘पाटीलकी’ म्हणण्याचा मोह आवरा : पाटील एका गावाचा, शेफरीत गावांचे अनेक गट. ‘प्रमुखाचा मुलूख’ पुरेसे आहे. सेक्तरचे मात्र ‘सेक्टर’ करू नका, नवी मुंबईचा पत्ता वाटतो.

इसांगीचेच पाहा. लोमामी नदी काँगो नदीला मिळते तिथे, काँगोच्या डाव्या तीरावर, तहसिलीचे ठाणे. यांगांबी हे शेती-संशोधनाचे जुने केंद्र याच तहसिलीत, पण पलीकडच्या तीरावर. कचेरीत जायचे तर नदी ओलांडावी लागते. काठावर लोकेले समाजाची वस्ती, शिवाय तोपोके आणि तुरुंबू हे समाज. ठाण्याचे आणि तहसिलीचे नाव एकच असल्याने नुसते ‘इसांगीत’ लिहिले की संदिग्धता येते. ‘इसांगी गावात’ किंवा ‘इसांगी तहसिलीत’ असे दर वेळी स्पष्ट करावे.

पूर्ण पत्ता लिहायचा तर क्रम असा : गाव, गावगट (तिकडे ‘ग्रूपमाँ’), सेक्तर किंवा शेफरी, तहसील, प्रांत. पहिल्या उल्लेखात ‘तेरित्वार (तहसील)’ लिहावे, पुढे नुसते तहसील चालेल.