मंत्र्यांनी ‘हे अंशतः खरे आहे’ असं उत्तर दिलं, त्याचा आम्हाला उपयोग काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यात तुमचं गाव आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर सापडत नाहीत, म्हणून आमदारांनी अधिवेशनात प्रश्न विचारला. मंत्र्यांकडून उत्तर आलं, ‘हे अंशतः खरे आहे.’ गावात सगळे म्हणतात की तोंडाला पानं पुसली. अशा प्रश्नोत्तरांचा काही उपयोग असतो का?

असतो. आणि तुम्हाला मिळालेलं उत्तर वाईट नाही, उलट पुढे जायला त्याच्याइतकं चांगलं उत्तर क्वचित मिळतं. मी नाशिकमध्ये महसूल खात्याच्या एका कार्यालयात नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं अव्वल कारकून म्हणून टंचाई शाखेत. अधिवेशन जवळ आलं की विधानसभा-विधान परिषदेच्या प्रश्नांची माहिती जमवून वर पाठवायचं काम माझ्याकडे असायचं. म्हणून ही उत्तरं कुठून येतात ते मला आतून माहीत आहे.

आधी भाषा समजून घ्या. प्रश्न बहुतेक वेळा ‘हे खरे आहे काय’ असा असतो. त्याखाली ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली’ आणि ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय’. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं की खालच्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहिता येतं आणि सगळा विषय दोन ओळींत मिटतो. ‘अंशतः खरे आहे’ लिहिलं की तसं मिटवता येत नाही. कोणता अंश खरा, हे पुढे सांगावं लागतं. म्हणजे तुमच्या केंद्रात काहीतरी कमी आहे, हे सरकारने मंत्र्यांच्या नावाने, सभागृहाच्या छापील कागदावर मान्य केलंय. ग्रामपंचायतीने दहा अर्ज दिले तरी असा कागद हाती येत नाही.

आता प्रश्न फिरतो कसा. आमदार प्रश्न देतात, विधानमंडळ सचिवालय तो स्वीकारतं, मग तो मंत्रालयातल्या त्या विभागाकडे जातो. तिथून आयुक्त किंवा संचालक, तिथून जिल्हा, जिल्ह्यातून तालुका, आणि शेवटी तो एखाद्या तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या फोनवर येऊन थांबतो : ‘आज संध्याकाळपर्यंत माहिती पाठवा.’ मग तीच माहिती एकेक पायरी चढत वर जाते आणि प्रत्येक पायरीवर तिचे कोपरे थोडे घासले जातात. सोबत मंत्र्यांसाठी पूरक टिपणी जाते, कारण तारांकित प्रश्न (म्हणजे ज्याचं तोंडी उत्तर मागितलेलं असतं तो) सभागृहात पुकारला गेला तर आमदार उपप्रश्न विचारणार. हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, तेव्हा त्या दिवसांत आमच्याकडे रात्री दहालाही फोन वाजायचा.

लोक टीव्हीवर मंत्र्यांचं उत्तर ऐकतात आणि प्रश्नाचं काम तिथे सुरू होतं असं समजतात. खरी हालचाल त्याच्या आधीच्या पंधरा-वीस दिवसांत, तालुक्याच्या कार्यालयात झालेली असते. ‘विधानसभा प्रश्न’ असा शेरा आला की दोन-दोन महिने न हललेली नस्ती, म्हणजे फाईल, वर येते. साहेब स्वतः विचारतात, ‘हे अजून का झालं नाही?’

एक प्रसंग सांगतो. पेठ-सुरगाण्याकडे पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यात बाया डोंगर उतरून झऱ्यावर रांग लावतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका वर्षी प्रश्न आला : ‘नाशिक जिल्ह्यातील अनेक आदिवासी पाड्यांवर भीषण पाणीटंचाई असून प्रशासनाचे त्याकडे दुर्लक्ष होत आहे, हे खरे आहे काय?’ आम्ही उत्तराचा मसुदा पाठवला : हे खरे नाही, मागणीनुसार टँकर सुरू आहेत. कागदावर ते खोटं नव्हतं. ज्या पाड्यांची मागणी रीतसर नोंदली होती, तिथे टँकर जात होते. ज्यांचा टँकर मागणारा ठराव कुठेतरी अडकला होता ते पाडे आमच्या तक्त्यात नव्हतेच. तो मसुदा माझ्या हातचा होता आणि आजही मला तो आठवला की वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी त्याच भागातून वेगळा प्रश्न आला. कुणीतरी खाली बसून नीट माहिती काढली होती, हे वाचताक्षणी कळत होतं. तीन पाड्यांची नावं, ग्रामपंचायतीच्या ठरावाची तारीख, तो पंचायत समितीत दिल्याची तारीख, आणि तहसीलदार व गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी अजून झाली नाही हे. आता ‘खरे नाही’ लिहायला जागाच उरली नव्हती, कारण आवक नोंदवहीत तीच तारीख होती. दोन दिवसांत पाहणी झाली, टँकर मंजूर झाला, खेपा सुरू झाल्या, आणि मग वर उत्तर गेलं : ‘हे अंशतः खरे आहे. सदर पाड्यांना टँकरद्वारे पाणीपुरवठा सुरू करण्यात आला आहे.’ सभागृहात तो प्रश्न पुकारलाही गेला नाही, वेळच संपला. पण पाड्यावर पाणी आलं होतं.

तुमच्या गावातले लोक चिडलेत ते मला समजतं. पण आमदारांच्या प्रश्नात काय लिहिलं होतं, ते कुणी वाचलंय का? विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. आमदारांच्या कार्यालयातून प्रश्न क्रमांक घ्या आणि मूळ मजकूर शोधा. सभागृहातल्या प्रश्नोत्तरांच्या तासात थोडेच तारांकित प्रश्न पुकारले जातात, पण उरलेल्यांची लेखी उत्तरंही छापील यादीत येतात. अतारांकित असेल तर उत्तर लेखीच असतं, त्यावर उपप्रश्न नाही. हा फरक लहान वाटतो, पण तसा नाही. २०२० च्या सप्टेंबरात करोनामुळे संसदेने तोंडी प्रश्नोत्तरांचा तास वगळला आणि फक्त लेखी उत्तरं ठेवली, तेव्हा विरोधक एवढे संतापले ते याचसाठी. समोर उभं राहून ‘मग तारीख सांगा’ असं म्हणता येणं ही वेगळी ताकद आहे.

आणखी एक गोष्ट, कारण आपल्या जिल्ह्यात यात फार गल्लत होते. विषय कुणाचा आहे ते पाहून माणूस गाठा. कांद्याच्या निर्यातीचा निर्णय केंद्राचा. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा लासलगावच्या बाजारात आमदारांना घेराव घालून ती उठणार नव्हती, तो प्रश्न खासदारांनी लोकसभेत विचारायचा. तिथे दिवसाला फक्त वीस तारांकित प्रश्न लागतात आणि तेही सोडतीने, त्यामुळे लेखी प्रश्नाचा मार्ग धरलेला बरा. एसटी, रेशन, सातबारा, जिल्हा रुग्णालय हे राज्याचे विषय. नाशिक शहरातली गटारं आणि गल्लीतले रस्ते महापालिकेचे. २०२२ पासून काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तेव्हा वॉर्डातले प्रश्नसुद्धा आमदारांकडे जायला लागले. जिल्ह्यातले पंधरा आमदार आणि अख्ख्या शहराची गटारं, कसं पुरणार? तुमचं आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते, पण डॉक्टरांची पदं भरणं राज्याच्या हातात आहे. म्हणून आमदारांनी विचारलं ते बरोबरच केलं.

उत्तरात ‘लवकरच पदे भरण्यात येतील’ किंवा ‘चौकशी करून कार्यवाही करण्यात येईल’ असं काही असेल, तर ते वाक्य लाल पेनाने अधोरेखित करा. सभागृहात मंत्र्यांनी दिलेला असा शब्द आश्वासन म्हणून नोंदवला जातो आणि तो पाळला की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते. आमदारांना सांगा की त्यांनी ते आश्वासन समितीकडे लावून धरावं. पुढच्या अधिवेशनात अर्धा तास चर्चा किंवा लक्षवेधी सूचनाही देता येते.

दुसरं काम तुमचं. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा आणि या प्रश्नाच्या संदर्भात जिल्हा कार्यालयाने वर पाठवलेल्या अहवालाची प्रत मागा. उत्तर दोन ओळींचं असतं, अहवाल दोन-तीन पानांचा असतो, आणि अंशतः म्हणजे नेमका किती अंश ते त्यात लिहिलेलं असतं. तीस दिवसांत माहिती द्यायची असते. त्याच वेळी केंद्रात जाऊन महिनाभर वही ठेवा : कोणत्या तारखेला ओपीडीत डॉक्टर होते, किती वाजता आले, रात्री बाळंतपणाची बाई आली तेव्हा कोण होतं, १०८ची रुग्णवाहिका किती वेळाने आली. आशाताई आणि शाळेतले गुरुजी मनावर घेतील तर हे अवघड नाही.

मग पुढचा प्रश्न आमदारांना तुम्हीच लिहून द्या. मी असा लिहीन : ‘(१) (गावाचे नाव) येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची किती पदे मंजूर असून त्यांपैकी किती पदे कोणत्या दिनांकापासून रिक्त आहेत, (२) (दिनांक) ते (दिनांक) या कालावधीत सदर केंद्रात किती दिवस वैद्यकीय अधिकारी उपस्थित नव्हते, (३) (मागील प्रश्न क्रमांक) च्या उत्तरात दिलेल्या आश्वासनानुसार कोणती कार्यवाही, कोणत्या दिनांकास करण्यात आली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

यात ‘अनेक’, ‘भीषण’, ‘दुर्लक्ष’ असा एकही शब्द नाही, हे मुद्दाम केलंय. आकडा आणि तारीख विचारली की खालच्या कारकुनाला नोंदवही उघडावीच लागते. अहवालाची प्रत हाती आली की इथे लिहा, कंसातल्या जागा कशा भरायच्या ते मी पाहून देतो.