दक्षिण आफ्रिकेत 1994 नंतर कृष्णवर्णीयांच्या हाती सत्ता आली, मग आपल्यासारखा कूळकायदा करून जमिनी का नाही वाटल्या?

कूळकायदा केला होता. 1996 सालीच. पण हे वाद घालणाऱ्यांच्या गावीही नसतं.

क्वाझुलू-नाताळ आणि आताच्या म्पुमलंगा भागात गोऱ्यांच्या शेतांवर 'लेबर टेनंट' राहायचे. मालकाकडे राबायचं, बदल्यात राहायला जागा, थोडं वावर आणि गुरांना चराई. 1996च्या कायद्याने त्यांना ती जमीन मागायचा हक्क दिला. त्यासाठी 2 जून 1995 रोजी शेतावर राहण्याचा हक्क हवा, राबण्याच्या बदल्यात पेरायला किंवा चारायला जमीन मिळत असायला हवी आणि आईबाप किंवा आजा-आजी यांच्यापैकी कुणीतरी याच बोलीवर राबलेलं हवं. मोबदला मुख्यतः रोखीत मिळत असेल तर तो शेतमजूर, म्हणजे कायद्याबाहेर. मालकाचे वकील नेमकं इथेच पकडायचे.

खरं घोडं पेंड खाल्लं ते अर्जापाशी. आपल्याकडे 1 एप्रिल 1957च्या कृषकदिनी कुळाला कायद्यानेच खरेदीदार मानलं गेलं. त्याच कायद्याच्या कलम 32ग खाली किंमत ठरवणं हे पुढचं काम. तिथे कुळाने 31 मार्च 2001 पर्यंत भूमी खात्याकडे अर्ज करायचा, खात्याने मालकाला नोटीस काढायची, बोलणी फसली की प्रकरण भूमी-दावा न्यायालयात. हजारो अर्ज आले आणि कपाटात पडले. किती पडून आहेत हेही खात्याला धड सांगता येईना. शेवटी अर्ज निकाली काढायला न्यायालयाने बाहेरचा 'स्पेशल मास्टर', म्हणजे न्यायालयाच्या वतीने काम पाहणारा माणूस, नेमायचा हुकूम दिला, खातं त्याविरुद्ध अपिलात गेलं आणि जिंकलं, पण ऑगस्ट 2019 मध्ये घटना न्यायालयाने तो हुकूम पुन्हा लागू केला. अर्ज करताना साठीचा असलेला माणूस तोवर अठ्ठ्याहत्तरचा झाला होता.

म्हणून 'मंडेलांच्या घटनेने हात बांधले' हे ऐकवू नका. घटनेचं कलम 25 वाचा. भरपाई न्याय्य हवी, बाजारभाव हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक. 'विकणारा राजी, घेणारा राजी' ही अट घटनेत नाहीच, ते सरकारचं धोरण होतं. गोऱ्यांची 30 टक्के शेतजमीन पाच वर्षांत हस्तांतरित करायचं ठरलं, मग मुदत 2014 वर ढकलली, तीही हुकली. खर्चाला अंदाजपत्रकाचा एक टक्काही नाही.

2006 पासून तर आणखी मजा. विकत घेतलेली जमीन सरकार स्वतःच्याच नावावर ठेवतं आणि कृष्णवर्णीय शेतकऱ्याला भाडेपट्ट्याने देतं. मालकी नाही म्हणून तारण नाही, तारण नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्जाविना ठिबक, खत, डिझेल कुठून आणणार? सातबाऱ्यावर सरकारचं नाव असेल तर आपल्याकडे तरी कुठली बँक दारात उभी करते?

दोन गोष्टी राहिल्या. लेबर टेनंट हा हिस्सा लहान. 1913 नंतर वर्णभेदी कायद्यांनी हुसकावलेल्यांचे दावे वेगळ्या कायद्याखाली चालतात, आणि त्यात बऱ्याच शहरी कुटुंबांनी जमिनीऐवजी रोख घेतली. आणि सगळीकडे फिरणारा '72 टक्के जमीन गोऱ्यांकडे' हा 2017च्या पाहणीतला आकडा फक्त व्यक्तींच्या नावावरच्या शेतजमिनीचा आहे. कंपन्या आणि ट्रस्टच्या नावावरची जमीन त्यात धरलेली नाही.