एक्स्ट्रॅक्टिव्ह डिस्टिलेशनला मराठीत काय म्हणावं?

इंदूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: शिक्षण हिंदीतून झालं, तिथे डिस्टिलेशन म्हणजे आसवन आणि सब्लिमेशन म्हणजे ऊर्ध्वपातन. मराठी पुस्तकात डिस्टिलेशनलाच ऊर्ध्वपातन म्हटलंय. मग एक्स्ट्रॅक्टिव्ह डिस्टिलेशनला, म्हणजे नुसतं उकळून न सुटणारं मिश्रण बाहेरचा विद्रावक (विरघळवणारा द्रव) घालून वेगळं करण्याला, ‘निष्कर्षी ऊर्ध्वपातन’ चालेल का?

पहिला घोळ चटकन सुटतो. मराठीत डिस्टिलेशन ते ऊर्ध्वपातन, सब्लिमेशन ते संप्लवन. इंदूर-ग्वाल्हेरकडे दोन्ही भाषांतली पुस्तकं वापरणाऱ्यांनी हे आधी पक्कं करावं, नाहीतर कापूर उडणं आणि नॅफ्था उकळणं एकाच नावाखाली येतं.

‘निष्कर्षी’ चुकीचं नाही, पण दिशाभूल करतं. निष्कर्षण (एक्स्ट्रॅक्शन) म्हटलं की एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव आणि त्यांचे वेगळे थर डोळ्यांसमोर येतात. इथे थर पडले तर कामच बिघडतं. बेंझीन ८०.१° सेल्सिअसला उकळतं, सायक्लोहेक्झेन ८०.७° ला, त्यातून दोघांचं ठरावीक प्रमाणातलं मिश्रण ७७.५° च्या आसपास एकत्रच उकळतं. नुसत्या उष्णतेनं ते सुटत नाही. म्हणून कॉलममध्ये, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यात, वरून सल्फोलेन हा विद्रावक सोडतात. त्याचा उत्कलनबिंदू २८५°. ते बेंझीनला धरून ठेवतं, सायक्लोहेक्झेन वर निघून जातं. तळाचं बेंझीन-सल्फोलेन दुसऱ्या कॉलममध्ये निर्वाताखाली, म्हणजे कमी तापमानाला, वेगळं करतात, कारण सल्फोलेन फार तापलं की विघटन होऊन आम्ल तयार होतं आणि लोखंड खातं. शुद्ध सल्फोलेन २७° च्या जवळपासच गोठतं, तेव्हा हिवाळ्यात पाइप गरम ठेवावे लागतात.

सल्फोलेन अगदी वरच्या ट्रेवर (कॉलममधल्या आडव्या ताटल्यांपैकी सर्वात वरच्या) सोडत नाहीत, काही ट्रे खाली सोडतात. नाहीतर ते वरच्या मालात जातं. आणि शुद्धता घसरली की रिफ्लक्स (वरची वाफ थंड करून परत कॉलममध्ये सोडलेला द्रव) वाढवायची सवय इथे महागात पडते: सल्फोलेन पातळ होतं, त्याची पकड सुटते, वरच्या ट्रेंवर दोन थर पडू शकतात. अशा वेळी आधी सल्फोलेन आणि फीडचं (आत येणाऱ्या मिश्रणाचं) प्रमाण तपासावं.

म्हणून माझा कौल ‘विद्रावकी ऊर्ध्वपातन’ला. खरं काम विद्रावक करतो (हिंदीतला विलायक तो हाच), आणि ते शब्दात दिसतं. पण बाहेरून द्रव घातलेल्या प्रत्येक ऊर्ध्वपातनाला हे नाव देऊ नये. घातलेला द्रव वाफेबरोबर वर जात असेल तर ते ॲझिओट्रोपिक डिस्टिलेशन. विद्रावकी म्हणायचं तर तो तळाशी उतरायला हवा.