वाचकांचे प्रश्न: लेक डिस्ट्रिक्टमधील डोंगरधाव

प्रश्न: मी नोकरीनिमित्त मँचेस्टरला राहतो. सपाट रस्त्यावरची मॅरेथॉन चार तासांच्या आत पूर्ण केली आहे. सहकाऱ्यांकडून ‘बॉब ग्रॅहम राउंड’बद्दल ऐकल्यापासून ती फेरी पूर्ण करण्याची इच्छा आहे. सध्या आठवड्याला साधारण पन्नास किलोमीटर धावतो. हे अंतर वाढवत नेल्यास दोन वर्षांत तयारी होईल का?
— एक वाचक, मँचेस्टर

उत्तर: दोन वर्षांची मुदत रास्त आहे, परंतु वाढवायचा आहे तो चढ, अंतर त्याच्या मागोमाग आपोआप वाढेल. वायव्य इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशातल्या केझिक या गावात अतिथिगृह चालवणाऱ्या बॉब ग्रॅहम यांनी जून १९३२ मध्ये बेचाळीस शिखरे २३ तास ३९ मिनिटांत पायाखाली घातली, आणि १९६० मध्ये अ‍ॅलन हीटन यांनी चोवीस तासांच्या आत ती फेरी पुन्हा पूर्ण करेपर्यंत मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली. केझिकच्या मूट हॉल या इमारतीपासून निघून तेथेच परतणारी ही फेरी सुमारे १०६ किलोमीटरची असून तीत एकूण चढ सुमारे ८,२०० मीटर आहे. डोंगरातील वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब आजही वापरला जातो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तो येथे लावला तर अंतराचे एकवीस आणि चढाचे सुमारे पावणेचौदा, असे जवळपास पस्तीस तास होतात. म्हणजे फेरी चोवीस तासांत बसवायची तर चांगल्या चालणाऱ्याच्या वेळेतून अकरा तास कमी करायचे आहेत.

हे तास उभ्या चढावर फारसे वाचत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. तीव्र चढावर अनुभवी धावपटूसुद्धा गुडघ्यांवर हात टेकून चालतात, कारण तेथे धावण्यापेक्षा झपाझप चालण्यात कमी शक्ती खर्च होते. वेळ वाचतो तो उतारावर, धारेवरून सलग धावत राहण्यात, आणि वाट न चुकण्यात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याच्या नोंदवहीत किलोमीटरच्या शेजारी चढाचे मीटर लिहायला सुरुवात करावी. पाचशे मीटरपासून आरंभ करून सावकाश दीड हजारापर्यंत जावे आणि दर चौथ्या आठवड्यात ते प्रमाण निम्म्यावर आणावे.

मँचेस्टरहून रेल्वेने ईडेलला उतरले की किंडर स्काउटचे पठार समोरच उभे असते. सुमारे चारशे मीटर चढून वर गेल्यावर दलदलीच्या काळ्या मातीतील घळींमधून दिशा न चुकता पुढे जाण्याचा सराव तेथे उत्तम होतो. आठवड्यातील संध्याकाळी रिव्हिंग्टन पाइकसारखी जवळची टेकडी पुरेशी आहे. तेथे चढ चालत आणि उतार धावत, असे पाच-सहा वेळा करावे. उताराला वेगळे महत्त्व देण्याचे कारण असे की, उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार झेलतात, आणि याची सवय नसलेल्या स्नायूंना त्यातून सूक्ष्म इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे कठीण होते ते त्यामुळेच. सुदैवाने एकदा असा भार सोसलेले स्नायू पुढील काही आठवडे त्याच कामाला पुष्कळ कमी कुरकुरतात. त्यामुळे दर पंधरवड्याला एखादा लांब उतार केलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट, एकट्याने तयारी करू नये. बॉब ग्रॅहम क्लबचे सभासदत्व मिळण्यासाठी प्रत्येक शिखरावर सोबत साक्षीदार असावा लागतो, त्यामुळे प्रत्येक धावपटूला टप्प्याटप्प्यावर साथीदार हवेच असतात. स्थानिक क्लबात दाखल होऊन प्रथम दुसऱ्यांच्या फेरीत एखाद्या टप्प्याला सोबत करावी, पाणी व खाणे वाहावे. केझिक ते थ्रेलकेल्ड हा स्किडॉ, ग्रेट कॅल्वा आणि ब्लेंकाथ्रा या तीन शिखरांचा पहिला टप्पा यासाठी बरा आहे. ब्लेंकाथ्रावरून थ्रेलकेल्डला उतरण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्यांतील कोणती आपल्या पायांना मानवते हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे लागते. बिली ब्लँड यांनी १९८२ मध्ये नोंदवलेली १३ तास ५३ मिनिटांची विक्रमी वेळ स्पॅनिश डोंगरधावपटू किलियन जोर्नेट यांनी २०१८ मध्ये १२ तास ५२ मिनिटांत फेरी पूर्ण करेपर्यंत टिकून होती. ब्लँड याच भागातील बॉरोडेल खोऱ्यातले होते आणि हे डोंगर त्यांच्या रोजच्या पायाखालचे होते. इतका दीर्घकाळ टिकलेल्या त्या वेळेत या परिचयाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

प्रश्न: मी लँकेस्टरला शिकते. आतापर्यंत फक्त खुणा केलेल्या वाटांवर धावले आहे. लेक डिस्ट्रिक्टमध्ये नवख्या व्यक्तीने सरावासाठी कोणते मार्ग निवडावेत, आणि धुक्यात काय करावे?
— एक विद्यार्थिनी, लँकेस्टर

उत्तर: मार्ग निवडताना मी नेहमी एकच प्रश्न प्रथम विचारतो: अर्ध्यावर हवा बिघडली तर येथून खाली कसे उतरता येईल? या कसोटीला उतरणारा एक मार्ग ब्रेथवेट गावाभोवती आहे. गावातून ग्रिझडेल पाइक (७९१ मीटर) चढावे, तेथून कोलडेल हॉज या खिंडीत उतरावे, मग क्रॅग हिल (८३९ मीटर) आणि सेल ही शिखरे करून बॅरोच्या सोंडेवरून पुन्हा गावात यावे. खिंडीत पोहोचेपर्यंत आपल्याला हवेचा, पायांचा आणि वेळेचा अंदाज आलेला असतो, आणि तेथून जुन्या खाणीकडे उतरणारी वाट धरल्यास पुढे खाणीचा रुंद रस्ता थेट गावाजवळ आणून सोडतो. क्रॅग हिल आणि सेल यांच्यामधली धार खडकाळ आहे. ती ओली असेल तर चालतच ओलांडावी.

दुसरा मार्ग अ‍ॅम्बलसाइडजवळच्या रायडलहून फेअरफील्डची घोड्याच्या नालाच्या आकाराची फेरी घेण्याचा आहे. नकाशावाचन शिकण्यासाठी तो मला विशेष आवडतो. पूर्वेकडच्या धारेवर, लो पाइकपासून डव्ह क्रॅगच्या पुढेपर्यंत, दगडी भिंत सोबत करते, त्यामुळे धुके असले तरी भिंतीच्या आधाराने पुढे जाता येते. ८७३ मीटर उंचीच्या फेअरफील्डच्या माथ्यावर मात्र भिंत नाही. माथा सपाट आहे, त्यावर दगडांच्या राशी ठिकठिकाणी आहेत, आणि उत्तरेच्या बाजूला कडे तुटलेले आहेत. अशा ठिकाणी ‘ही रास ओळखीची वाटते’ एवढ्यावर पाऊल टाकणे धोक्याचे आहे. माथ्यावर पोहोचल्यावर थांबावे, नकाशावर पुढच्या धारेची दिशा मोजावी, होकायंत्र त्या दिशेवर लावावे आणि सुई सांगेल तिकडे चालू लागावे. आपली समजूत आणि सुई यांच्यात मतभेद झाला तर सुईचे ऐकावे. हा सराव स्वच्छ हवेत, सगळे दिसत असतानाच करावा, म्हणजे धुक्यात हात आपोआप चालतात. उपग्रहावर चालणारे घड्याळ जरूर वापरावे, परंतु थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि ओल्या बोटांना स्पर्शपडदा दाद देत नाही. म्हणून १:२५,००० किंवा १:४०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा सोबत असलाच पाहिजे.

शर्यतीत उतरायचे झाल्यास वेळापत्रकातील खुणा समजून घ्याव्यात. १९७० मध्ये स्थापन झालेल्या फेल रनर्स असोसिएशन या डोंगरधावपटूंच्या संघटनेच्या वर्गवारीत ‘ए’ म्हणजे दर किलोमीटरला किमान ५० मीटर चढ, ‘बी’ म्हणजे किमान २५ आणि ‘सी’ म्हणजे किमान २०; लांबीनुसार दहा किलोमीटरपर्यंतची शर्यत ‘एस’, दहा ते वीसची ‘एम’ आणि त्याहून मोठी ‘एल’. ‘बी-एस’ किंवा ‘बी-एम’ने सुरुवात करावी.

प्रश्न: मी पुण्यात राहतो आणि दर रविवारी सिंहगड चढतो-उतरतो. पुढच्या जूनमध्ये मुलाकडे इंग्लंडला जाणार आहे व लेक डिस्ट्रिक्टमध्ये धावण्याचा विचार आहे. येथील सराव तेथे उपयोगी पडेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: निश्चित पडेल. आतकरवाडीकडून सिंहगडाचा चढ सुमारे सहाशे मीटरचा आहे. केझिकहून स्किडॉच्या ९३१ मीटर उंच माथ्यावर जाताना साधारण साडेआठशे मीटर चढावे लागते, म्हणजे आपल्या पायांना हा प्रकार नवा नाही. फक्त सिंहगडाची एकच वाट पाठ झालेली असते, म्हणून काही रविवारी कात्रज ते सिंहगडच्या टेकड्यांसारख्या सतत चढउताराच्या वाटेवर, माहीतगार सोबत्यांसह, जावे. आपल्याकडचा घसारा कोरडा आणि सुटा असतो. तिकडे ओले गवत, दलदल आणि शेवाळलेले दगड अधिक, त्यामुळे तळाला खोल दाते असलेले बूट लागतील. ते येथेच घेऊन पावसाळ्यात वापरून पाहावेत.

खरा फरक थंडीचा आहे. पाऊस आपल्याला परका नाही, परंतु महाबळेश्वरच्या पावसात भिजणे आणि जूनमध्येही दहा अंशांच्या आत उतरू शकणाऱ्या हवेत, जोरदार वाऱ्यात भिजणे यांत फार अंतर आहे. खोऱ्यापेक्षा नऊशे मीटरवर तापमान सहा ते नऊ अंशांनी कमी असते. धावताना घाम आलेला माणूस पाय मुरगळून थांबला की अर्ध्या तासात कुडकुडू लागतो. शिवणी बंदिस्त केलेले जलरोधक जाकीट आणि विजार, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिटी आणि राखीव खाऊ हे साहित्य शर्यतीत सक्तीचे असू शकते. एकट्याने जाताना तर ते स्वतःवर सक्तीचे करावे. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, म्हणून घाई करण्याचे कारण नाही. जाण्यापूर्वी ‘वेदरलाइन’ या सेवेचा डोंगरमाथ्यांसाठीचा हवामान अंदाज पाहावा. शहराचा अंदाज तेथे उपयोगाचा नाही.

प्रश्न: लेक डिस्ट्रिक्टमधील कुरणांतून धावण्यास परवानगी लागते का? अपघात झाल्यास कोणाला कळवावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: २००० सालच्या कायद्याने इंग्लंडमधील डोंगराळ मोकळ्या जमिनींवर पायी फिरण्याचा व धावण्याचा हक्क दिला आहे. खोऱ्यातील कुंपणबंद शेतांत मात्र आखलेली पायवाट सोडू नये. फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवावे आणि रचीव दगडी भिंतींवर चढू नये. वसंतात मेंढ्या व्यायलेल्या असतात, तेव्हा कळपाला वळसा घालून जावे. १९७५ मध्ये चोवीस तासांत बहात्तर शिखरे करणारे जॉस नेलर स्वतः वॉसडेलमध्ये मेंढ्या पाळणारे शेतकरी होते, आणि या खेळाचे त्या शेतकऱ्यांशी नाते जुने आहे. ते जपणे आपले काम आहे. अपघात झाल्यास ९९९ वर फोन करून प्रथम पोलीस आणि मग डोंगर बचाव पथक मागावे. फोन लागत नसेल तर शिटीचे सहा आवाज करावेत, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा सहा करावेत. पथकातील माणसे स्वयंसेवक असतात व मदतीचे पैसे घेत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी मार्ग आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवावी व परतल्यावर लगेच कळवावे.